शिकलगार सरांना दिलेलं बाद इंजिन

शिकलगार सरांनी मला फसवलं, असं माझ्या ओळखीची सगळी माणसं मानतात. ऑफिसातली, गावातली, सासुरवाडीची. आईसुद्धा. विषय निघाला की माझ्याकडे जरा सांभाळून बघतात – मयताच्या घरी बघतात तसं. "तुझ्यासारख्या सरळ माणसाच्या वाट्याला असं यावं," म्हणतात. मी मान खाली घालतो. तेवढं पुरतं.

त्या खाली घातलेल्या मानेमागं काय आहे, ते आजवर एकाही माणसाला कळू दिलेलं नाही. बायकोलाही नाही. एकदा तिच्याजवळ बोलायला लागलो होतो, पण तिनं आधीच माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "जाऊ द्या हो, नका त्रास करून घेऊ." मग – मग राहिलंच.

तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून लिहायला जमतंय. आणि ज्या यार्डात मी काम करतो त्याचं नाव लिहीत नाही, कारण यात यार्डाचा काही दोष नाही. ज्या आयटीआयची ही गोष्ट आहे तिचंही लिहीत नाही. सांगलीच्या आसपासची आहे, एवढं पुरे.

आधी सर कोण होते ते सांगतो. ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मी माण तालुक्यातला. दहिवडीच्या अलीकडं आमची वाडी. वडील मुंबईला गोदामात कामाला होते, दिवाळीला आणि जत्रेला यायचे. आई शेळ्यामेंढ्या राखायची. आमच्या घरात दहावी पास झालेला मी पहिला, आणि पास होऊन पुढं काय करायचं हे सांगू शकेल असं घरात कुणी नव्हतं. गावातला एकजण आयटीआयला गेला होता, म्हणून मीही गेलो. डिझेल मेकॅनिकला नंबर लागला. डिझेल म्हणजे एसटीच्या गाडीत घालतात ते – त्याच्यापुढं मला काही माहीत नव्हतं.

पहिल्या दिवशी शिकलगार सरांनी नाव विचारलं. आनंदा, म्हणालो. गाव सांगितलं. त्यावर सरांनी विचारलं, "जेवलास का?" शिकवण्याबद्दलचं पहिलं वाक्य त्यानंतर आलं. दोन वर्षांत मी सरांच्या घरी किती वेळा जेवलो असेन? त्याचा हिशेब चाचींनी कधी ठेवला नाही, मी कशाला ठेवू? चाची म्हणजे सरांच्या पत्नी. मी ताटावर लाजून बसलो की म्हणायच्या, "आनंदा, पोटाला लाजून कसं चालंल रं? पोट काय सरांचं हाय व्हय?"

सरांच्या वर्कशॉपमध्ये शिकायला एकच इंजिन होतं, एका जुन्या जीपचं. इतक्या बॅचेसनी ते उघडलं, जोडलं, पुन्हा उघडलं होतं की त्यातले निम्मे नट बोटानं फिरायचे. ते सुरू होण्याचा प्रश्नच नव्हता. आम्ही पोरं त्याला मढं म्हणायचो. सरही म्हणायचे. "मिरजंला पोरं मढ्यावर शिकून डॉक्टर हुत्यात," सर म्हणायचे, "पर डॉक्टरानं एकदा तरी छातीला कान लावून धडधड ऐकली पायजे का न्हाई? तुमी आयुष्यभर मढीच उघडणार का?"

चालू इंजिन पाहिजे. पोरांना हात लावून कळलं पाहिजे की एक सिलिंडर पेट घेत नसला तर हाताला काय वाटतं. ही सरांची एकच मागणी होती. वर्षानुवर्षं ते वर लिहीत होते, आणि वरून उत्तर येत होतं की मागणी विचाराधीन आहे.

आयटीआय झाल्यावर मी गावाकडं परत जाणार होतो. सरांनी जाऊ दिलं नाही. डिप्लोमाला पाठवलं, तिथून डिग्रीला. सांगलीत विश्रामबागेतल्या कॉलेजात इंग्रजी समजत नव्हतं तेव्हा रविवारी मला समोर बसवायचे आणि म्हणायचे, "पुस्तक मिट. इंजिनात काय हुतंय ते मराठीत सांग. आता त्येच इंग्रजीत काय लिहिलंय ते बघ." पदवीदान झालं तेव्हा वडिलांना सुट्टी मिळाली नव्हती. आईच्या एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला सर, असा फोटो आहे. आई त्या फोटोत सरांपासून जरा दूर सरकून, पदर सावरून उभी आहे. परक्या पुरुषाशेजारी उभं राहायची तिला सवय नव्हती. पण त्या वर्षापासून दर सुगीला सरांच्या घरी बाजरीचं पोतं आणि मटकी जायला लागली. आईनं ते कधी चुकवलं नाही. इंजिनाचं प्रकरण झालं त्या वर्षापर्यंत.

बघा – अजून मी मूळ गोष्टीपर्यंत आलोच नाही. कौतुकच करत बसलोय. कौतुक करणं सोपं असतं.

नोकरी लागली ती रेल्वेच्या डिझेल गाड्यांच्या यार्डात, भांडार विभागात. आमच्याकडं हळूहळू वरून तारा आल्या, विजेच्या गाड्या आल्या, आणि डिझेलच्या डेमू गाड्या, इंजिन डब्यातच असतं त्या, एकेक करून बाद व्हायला लागल्या. बाद गाडीचं काय करायचं याचे नियम आहेत, आणि ते माझंच काम होतं. सरकारी मालकीची गाडी कुणी उचलून कुणाला देऊ शकत नाही. आधी समिती येते, गाडी पाहते, बाद ठरवते. मग कामाचे भाग काढून घेतात. मग दुसऱ्या कुठल्या सरकारी संस्थेला शिकवायला वगैरे पाहिजे का ते विचारतात. नाही म्हणाले तर लिलाव.

आणि एक नियम सगळ्यांना सारखा. इंजिन यार्डाबाहेर जायच्या आधी कायमचं निकामी करायचं. कारण सरळ आहे. आपण धूर ओकणारं म्हणून बाद केलेलं इंजिन उद्या कुणाच्या तरी खडीक्रशरवर बसून तसाच धूर ओकत राहिलं, तर बाद करून काय मिळवलं? आमच्याकडं पद्धत अशी की इंजिनाचा डिझेल पंप काढायचा आणि साक्षीदारासमोर हातोड्यानं फोडायचा. पंप नसला की इंजिन म्हणजे लोखंड.

नियम चांगला आहे. मला तो तेव्हाही पटत होता. हे मुद्दाम सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल, नियमच वाईट होता म्हणून बिचाऱ्यानं मोडला.

डेमूच्या एका बाद डब्यातलं इंजिन आयटीआयला शिकवण्यासाठी मिळू शकेल, हे मीच सरांना कळवलं. त्यांनी रीतसर मागणी केली, ती मंजूर झाली. इथपर्यंत सगळं सरळ होतं. इंजिन निकामी करून मिळेल, चालू होणार नाही, हेही मी सांगितलं होतं. सर मग म्हणाले, "असू दे गड्या. मोठं मढं तर मोठं मढं. पोरं बघतील तरी."

ट्रक आला तो नेमका खंडेनवमीच्या आठवड्यात. आमच्या यार्डात त्या आठवड्यात माणसं हत्यारं घासतात, यंत्रं पुसतात, नवमीला पूजा, नारळ. त्या दिवशी कुणी हातोडा उचलत नाही. बाबू मिस्त्री आमचे सगळ्यात जुने फिटर, पंप फोडायचं काम त्यांच्याकडं असायचं. मी सांगितलं तेव्हा ते फडकं घेऊन त्याच इंजिनाचं तेल पुसत होते.

"आवं साहेब," ते म्हणाले, "सव्वीस वर्सं पोटाला घातलं ह्यानं. आता पुसून कुंकवाला बसवायचं आन त्याच हप्त्यात डोस्कं फोडायचं? दसरा हू द्या की. दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी मी सोता जाऊन फोडून येतो आयटीआयत."

मी हो म्हणालो. ट्रक थांबवून ठेवता येत नव्हता. पंप फोडला अशी नोंद करून मी इंजिन जाऊ दिलं. चार दिवसांचा तर प्रश्न होता, असं मनाशी म्हणालो. हा गुन्हा आहे का? आहे. पण ज्या गोष्टीसाठी हे लिहितोय, ती ही नाही.

ती त्याच दिवशी संध्याकाळी आली. नाही, आली कसली – मी केली. शब्द तरी नीट वापरावेत.

मी ट्रकबरोबर जाऊन इंजिन आयटीआयच्या आवारात उतरवलं. सरांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली, आणि पंपापाशी थांबले. तो जागेवर होता. पंप घट्ट बसवला की नटावरून शेजारच्या लोखंडावर रंगाचा एक पट्टा ओढतात. नट नंतर कुणी जराही फिरवला की पट्टा तुटतो, म्हणजे कळतं. आमच्याकडं तो पिवळा असतो. सरांनी त्या पट्ट्यांवरून बोट फिरवलं. सगळे अखंड होते.

"आनंदा," ते म्हणाले, "ह्यो पंप काढायचा हुता न्हवं?"

मी काय म्हणायला पाहिजे होतं? दसऱ्यानंतर येऊन काढणार आहोत, सर, तोवर सुरू करू नका. बस्स, एवढंच. जिभेवर होतं. पण सरांच्या मागं त्यांची बॅच उभी होती, पंचवीसएक पोरं, दोन पोरी. आणि सर माझी ओळख करून देताना म्हणाले होते, "ह्यो माझा विद्यार्थी. ह्याच्या मनात आलं म्हणून ही वस्तू आली." त्या पोरांच्या डोळ्यांत मी कुणीतरी होतो. मला आयुष्यात पहिल्यांदा तसं वाटलं होतं.

मी म्हणालो, "साहेबांकडून खास परवानगी घेतलीय सर. शिक्षणासाठी आहे म्हणून. चालू ठेवलं तरी चालेल."

सरांनी चष्मा काढला, शर्टानं पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. त्या माणसानं मला इतकं दिलं होतं, आणि परत देण्यासारखं माझ्याकडं काही नव्हतं – त्या क्षणी ते मी दिलं. जे माझं नव्हतंच.

खंडेनवमीला मी गेलो होतो. वर्कशॉपमधली पूजा दरवर्षी सरच करायचे. कुंकू पोरांच्या हातानं लावायला लावायचे, नारळ स्वतः फोडायचे, आणि कुणी बाहेरच्यानं भुवया उंचावल्या तर म्हणायचे, "शिकलगार आहे मी. धार लावणाऱ्यानं हत्याराला नमस्कार करायचा न्हाई तर कुणी करायचा?" पूजा झाल्यावर यंत्र क्षणभर सुरू करून बंद करायची रीत. इंजिन खाली पाट्यांवर आवळून बसवलं होतं. सरांनी बॅटऱ्या जोडल्या, डिझेल सोडलं. पहिल्यांदा नुसतंच कण्हलं. दुसऱ्यांदा पकडलं.

तो आवाज तुम्ही ऐकला असता तर – पण नाही. आवाजाचं वर्णन करून मला तुमच्याकडून काही मिळवायचं नाही. एवढंच सांगतो की सर एकेका पोराचा हात धरून इंजिनाच्या अंगावर ठेवत होते आणि ओरडून विचारत होते, "लागतंय का हाताला? लागतंय का?" मग माझा हात धरला. माझाही ठेवला. आणि पोरांकडं वळून म्हणाले, "ह्याच्यामुळं."

पत्र्यावरून काळा धूर निघाला. कुणीतरी मोबाइलवर सगळं टिपलं, आणि ते फिरत फिरत एका भंगार व्यापाऱ्याकडं गेलं. त्याच खेपेच्या लिलावात बाकीची इंजिनं त्यानं घेतली होती, सगळी पंप फोडलेली. त्यानं तक्रार केली. त्याचं बोलणं मला अजून आठवतं, कारण त्यात खोटं काही नव्हतं: "आमच्या नशिबाला मढी, आन मास्तरच्या दारात जित्तं जनावर? नियम आमालाच का?"

दसरा सरला. बाबू मिस्त्री आयटीआयत जायच्या आधी चौकशी जाऊन पोचली.

मोठे अधिकारी वरून आले होते. हिशेबाच्या बाजूचे, यंत्रातलं त्यांना फार कळत नव्हतं. सोबत मी होतो, बाबू मिस्त्री होते. इंजिन आवारात होतं तसंच उभं होतं, हारातली झेंडूची फुलं सुकली होती. अधिकाऱ्यांनी सरांना विचारलं, हे चालू कसं झालं. सर अगदी शांत होते. घाबरायचं काही कारणच नव्हतं त्यांना.

"परवानगी आहे साहेब," ते म्हणाले. "यांनीच आणली." आणि माझ्याकडं बघून हसले. मी पुढं बोलावं म्हणून.

अधिकारी माझ्याकडं वळले.

इथं थांबतो. दर वेळी मनात इथंच थांबतो मी. इथून पुढं जायला दोन वाटा होत्या आणि दोन्ही मला स्वच्छ दिसत होत्या. घाबरून तोंडातून भलतंच निघून गेलं, असं झालं नाही. मी नोकरीचा विचार केला. वाडीवरच्या घराचं चाललेलं बांधकाम, आई, लग्न ठरत होतं ते. आणि हेही – खरं सांगायचं ठरवलंय तर हेही – की सरांचे मेव्हणे मिरजेत पंप दुरुस्तीचं दुकान चालवतात, हे मला त्या क्षणी आठवलं. उगाच नाही आठवलं. उपयोगी पडेल म्हणून आठवलं.

"मी अशी परवानगी आणली नव्हती," मी म्हणालो. "पंप आम्ही काढून फोडला होता. यांनी बाहेरून दुसरा आणून बसवलेला दिसतोय."

सरांचं हसू लगेच गेलं नाही. ते तसंच तोंडावर राहिलं, नुसतं – कोरडं पडलं. त्यांना वाटलं असेल, मी काहीतरी चुकीचं ऐकलं. मग त्यांची नजर पंपाकडं गेली. नटांवरच्या पिवळ्या पट्ट्यांकडं. मला कळलं ते काय बघतायत. त्यांनी तोंड उघडलं तर माझं खोटं तिथंच उघडं पडणार होतं. हिशेबातल्या माणसालाही ते पट्टे दाखवून समजावता आले असते.

मी त्यांना बोलायला वेळ दिला नाही. "साहेब, पुरावा आहे हा," मी म्हणालो, "पंप आधी काढून ताब्यात घेऊ या." आणि बाबू मिस्त्रींना पान्याची खूण केली.

मिस्त्रींना सगळं माहीत होतं. त्यांच्या निवृत्तीला थोडेच महिने राहिले होते, पंप वेळेवर न फोडणारे तेही होतेच. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. पाना लावला. पहिला नट फिरला, पट्टा तुटला. मग दुसरा. सर बघत होते. मीही बघत होतो. सगळे पट्टे तुटेपर्यंत आम्ही तिघं काहीच बोललो नाही, आणि त्यानंतर बोलण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

सरांनी का नाही ओरडून सांगितलं? नट फिरायला वेळ लागतो. तेवढ्यात ते म्हणू शकले असते, थांबा, हे पट्टे बघा. ते मला वाचवत होते, की बोलून काही होणार नाही हे त्यांना कळलं होतं? अशा जागी त्यांच्यासारख्या नावाच्या माणसाचं किती ऐकून घेतलं जातं, याचा अंदाज त्यांना माझ्यापेक्षा जास्त असणार. मला उत्तर माहीत नाही. मी कधी विचारायला गेलो नाही.

आवारातच पंप फोडला. पोरं व्हरांड्यात उभी होती. इंजिन परत नेलं. सरांकडून वर्कशॉपच्या चाव्या काढून घेतल्या, मग लांबच्या एका आयटीआयला बदली केली. तिथूनच ते निवृत्त झाले. आरोप सिद्ध झाला नाही, पण सिद्ध व्हायची गरजही पडली नाही. गावात 'चोर' हा शब्द फिरत राहिला.

आणि आता जे सांगायचंय ते नुसत्या त्या खोट्यापेक्षा जड आहे.

मला वाटलं होतं, लोक प्रश्न विचारतील. एकानंही विचारला नाही. ऑफिसात दुसऱ्याच दिवशी एका सहकाऱ्यानं चहा पुढं केला आणि म्हणाला, "तू लई भोळा आनंदा. अरे, मेव्हणा पंपवाला, भाऊबंद भंगारवाले. त्यांचं सगळं आतून एकच असतंय. तुला वापरला." मी चहा घेतला. मी म्हणालो नाही की त्यांचं म्हणजे कुणाचं? मी म्हणालो नाही की या माणसाच्या घरी मी जेवलोय. खोटं मी दोनच वाक्यांचं बोललो होतो, बाकीचं माणसांनी स्वतःच्या पदरचं घालून पुरं केलं. आणि मी ते करू दिलं, कारण त्यामुळं माझं काम हलकं होत होतं.

पुढं पुढं मला खरंच फसवलं गेल्यासारखं वाटायला लागलं. विश्वास बसेल का? सरांनी ते सुरू कशाला केलं? चार पोरांसमोर मिरवायची काय गरज होती? जरा दम धरला असता तर – असा मी रागावायचो, खरा राग, डोळ्यांत पाणी येईपर्यंतचा. माझ्या गुरूनं माझा घात केला, हे दुःख मी इतकी वर्षं इतकं नीट वागवलं की ते मला शोभून दिसतं. लोक मला त्यासाठी मान देतात.

आईला मी स्वतः सांगितलं. बाजरी मळून झाली होती, ती पोतं शिवत होती. ऐकून तिनं दाभण पोत्यात खोचलं. "मास्तर आसं करणारा माणूस न्हवं," ती म्हणाली.

"केलं," मी म्हणालो.

"तू डोळ्यानं बघिटलंस?"

"बघितलं."

तिनं पोतं उसवलं आणि बाजरी कणगीत ओतली. पुन्हा त्या घराचं नाव काढलं नाही. चाचींनी ईदला डबा पाठवला होता, तो आईनं तसाच परत लावून दिला. शिकलेल्या लेकाच्या शब्दावर तिनं स्वतःची पारख मोडली. मला शिकवलं कशासाठी होतं तिनं?

आता मी नव्या लोकांना शिकवतो. बाद गाड्यांची विल्हेवाट, तिचे नियम, तिच्यात होणाऱ्या चुका. चांगलं शिकवतो असं म्हणतात. आणि दर बॅचला मी एक उदाहरण देतो: ओळखीच्या संस्थेला इंजिन दिलं, विश्वास ठेवला, आणि तिथल्या शिक्षकानं बाहेरचा पंप बसवला. नाव घेत नाही. "हे माझ्याच बाबतीत झालंय," असं शेवटी म्हणतो.  त्या प्रकरणानंतर आमच्या यार्डानं कुठल्याही आयटीआयला इंजिन दिलेलं नाही, हेही सांगतो, नियम किती कडक पाळतो याचा दाखला म्हणून.

परवाच्या बॅचमध्ये प्रियांका नावाची एक मुलगी होती. आयटीआय करून, डिप्लोमा करून आलेली. माझं उदाहरण संपल्यावर तिनं हात वर केला, उभी राहिली.

"सर, मी त्या बॅचला होते," ती म्हणाली. "पूजेच्या आधी तो पंप मी पुसला होता. पिवळा पट्टा एकपण तुटला नव्हता. शिकलगार सर म्हणाले होते, हळू पूस, रंग घासू नगं, ती पंपाची अब्रू हाय."

 सगळे माझ्याकडं बघत होते. मला पुन्हा दोन्ही वाटा दिसल्या, तितक्याच स्वच्छ. या वेळी तर काही जाणारही नव्हतं – निदान घर बांधून झालंय, आई सांभाळलेली आहे.

मी अगदी मऊ आवाजात म्हणालो, "तुम्ही तेव्हा विद्यार्थी होता. सरांवर तुमचं प्रेम आहे, ते मी समजू शकतो. माझंही होतं."

वर्गात कुणीतरी हळहळलं. माझ्यासाठी. प्रियांका खाली बसली.

पंप मी फोडला नव्हता. परवानगी नव्हती. सरांना खोटं मी सांगितलं आणि सरांवर खोटं मीच घातलं, आणि त्यांच्या बाजूनं बोलणारी एकमेव खूण मी माझ्या डोळ्यांदेखत तोडायला लावली. त्यांच्यावर चिखल पडत होता तेव्हा तो कुठल्या कारणानं इतका सहज चिकटतोय हे मला कळत होतं, आणि मी बाजूला उभा राहिलो. हे एवढं आहे.

प्रशिक्षणाच्या शेवटी परीक्षा असते. पास झाल्याशिवाय नोकरी कायम होत नाही. पेपर मीच काढतो, आणि त्यात त्या उदाहरणावर एक प्रश्न दर वर्षी असतो. यंदाही होता, छापून आधीच आला होता, तरी मला बदलता आला असता, मी बदलला नाही. प्रियांकाचा पेपर तपासताना मी ते उत्तर आधी काढून वाचलं. तिनं मी शिकवलं होतं तेच लिहिलं होतं, शब्दाला शब्द: शिक्षकाने विश्वासघात करून बाहेरील पंप बसवला. अक्षर सुरेख होतं. कुठं खाडाखोड नव्हती.

मी तिला पूर्ण गुण दिले.